कोमट पाणी

नॉर्डाल, नॉर्थ डकोटा
३ नोव्हेंबर २०११

चि. सौ. मार्लिस हिस ताईचे अ. उ. आ.

तुम्ही दोघं ॲरिझोनाला सुखरूप पोचलात हे तुझ्या कार्डावरून कळलं. इथे काल पहिलं बर्फ पडलं, सकाळपर्यंत विरघळलंही. फोन करू नकोस म्हटलं त्याचा राग धरू नकोस. कानात यंत्र घातलं तरी फोनवर मला धड ऐकू येत नाही. पत्र बरं, पाहिजे तेवढ्या वेळा वाचता येतं.

मंगळवारी चर्चच्या बायकांचं मंडळ माझ्याकडे होतं. हार्लन गेल्यापासून पहिल्यांदाच माझी पाळी आली. लिंबाचा केक केला, कॉफी केली, आईचे निळ्या काठाचे कप काढले. फिलिस बर्गक्विस्टनं कप उचलला, आत पाहिलं आणि टेबलाखाली नेऊन रुमालानं पुसला. तोंडातून अक्षर काढलं नाही. उलट केक फारच हलका झालाय म्हणाली. तुला आपली माणसं माहीत आहेतच, तोंडावर सांगतील तर शपथ. मग एकेक करून सगळ्यांच्याच मांडीवर रुमाल हलायला लागले. मी मान वर केलीच नाही, कॉफी ओतत राहिले.

त्या गेल्यावर कप उजेडात धरले. आतून तपकिरी कडी. ताटांना हात लावला तर तुपकट. ग्लास तर असे दुधाळ की आरपार काही दिसेना. भांडी धुवायचं मशीन नीट चालू आहे, आवाज येतो, पाणी येतं, पाणी जातं. पण पावडरच्या डबीत पावडरचा ओला गोळा तसाच चिकटून राहतो. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असं काही नव्हतं. मशीन हार्लन भरायचा. मला ताटं लावता येत नाहीत असं त्याचं ठाम मत होतं, आणि चाळीस वर्षं मी त्याला तसं वाटू दिलं, कारण मग ते काम त्याच्याकडेच राहिलं. आता बोलून उपयोग नाही. हातानं धुवायचं म्हटलं तर बोटांचे सांधे ऐकत नाहीत.

कर्टिस ऑक्टोबरात येऊन गेला. गालिचे गुंडाळून ठेवले, न्हाणीत धरायला दांडा बसवला, कपडे धुवायचं मशीन तळघरातून वर आणलं, आणि यापुढे तळघराच्या जिन्यावर पाऊल टाकायचं नाही असं मला बजावलं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, दोन वर्षांची नाही. हे मी मनात म्हटलं, लेकाला बटाटे आणि मटण वाढलं.

मशीनचं काय करू ते कळव. ड्वेनला नमस्कार. लोभ आहेच, थंडीनं तो गोठत नाही.

तुझी,
आर्डिसताई


मेसा, ॲरिझोना
९ नोव्हेंबर

ती. स्व. आर्डिसताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फिलिस बर्गक्विस्टला मी ओळखते, तिच्या घरी मी एकदा कॉफीत मुंगी पाहिली होती आणि गिळली होती. तेव्हा तिचं मनावर घेऊ नकोस.

आता मशीन. मी इथून उंटावरून शेळ्या हाकणार, तू हसू नकोस. मशीनच्या तळाशी, खालचा फिरता पंखा काढला की गोल जाळी असते. ती डावीकडे फिरवून उचलायची. हार्लननं ती कधी साफ केली असेल असं मला वाटत नाही. पुरुषांना ताटं लावता येतात, जाळी दिसत नाही. पंख्याची भोकंही बघ, त्यात बिया अडकतात. दात कोरायच्या काडीनं टोकर.

दुसरं. तू भांडी आधी नळाखाली धुऊन मग मशीनमध्ये घालतेस, हो की नाही? मला माहीत आहे तू घालतेस. आई तशी घालायची, आणि तिच्याकडे तर मशीनही नव्हतं. ते बंद कर. नुसतं खरवडून टाक. मशीनला घाण दिसली तरच ते काम करतं, असं इथला दुकानदार सांगतो. आणि पावडर बदल. गेल्या वर्षीपासून पावडरीतला कस काढून घेतलाय, नद्या स्वच्छ राहाव्यात म्हणून. नद्या झाल्या असतील स्वच्छ, इकडे आमचेही ग्लास पांढरे पडत होते. आपल्याकडचं विहिरीचं पाणी तर जडच. एक वाटी व्हिनेगर वरच्या कप्प्यात ठेवून मशीन रिकामं फिरव.

ड्वेन रोज गोल्फ खेळतो आणि रोज हरतो. तब्येत ठणठणीत. तू एकटी आहेस याची मला काळजी वाटते. हे लिहिलं म्हणून रागावू नकोस.

तुझ्या मायेला हक्कानं मागून घेणारी,
मार्लिस


नॉर्डाल
२६ नोव्हेंबर

चि. सौ. मार्लिस हिस अ. उ. आ.

तुझं सगळं केलं. जाळीत काय नव्हतं! आलुबुखारची बी, मुरंब्याच्या बाटलीचं अर्धं लेबल आणि हार्लनच्या शर्टाचं बटण. बटण धुऊन खिडकीत ठेवलंय. पंख्याची भोकं टोकरली. व्हिनेगर फिरवलं, घरभर लोणच्याचा वास. पावडर बदलली. भांडी आधी धुणं बंद केलं, मनावर दगड ठेवून. फरक शून्य. उलट आता अंडंही काट्याला तसंच राहतं.

परवा थँक्सगिव्हिंगला कर्टिस, सूनबाई डेनिस आणि त्यांच्या मुली आल्या होत्या. टर्की चांगली झाली. मी आदल्या दिवशी मोठी ताटं मशीनमधून काढून, एकेक पुसून, टेबलावर मांडून ठेवली होती. सकाळी मी कपडे बदलायला गेले आणि परत आले तर डेनिस सिंकपाशी. बाह्या सरसावून सगळी ताटं पुन्हा धूत होती. मला पाहून म्हणाली, की ती नुसती धूळ झटकतेय. ताटावर फेस होता, मार्लिस. मी म्हटलं, फार उपकार झाले. मग आम्ही दोघींनी हवेवर गप्पा मारल्या.

जेवणानंतर कर्टिसनं खिशातून घडी केलेला रंगीत कागद काढला. फार्गोला त्याच्या घराजवळ वृद्धांसाठी जागा आहे, एकेक खोली, जेवण तयार. मार्चमध्ये एक खोली मोकळी होतेय. नाताळपर्यंत हो की नाही सांगायचं. मी म्हटलं, दोष मशीनचा आहे. तो म्हणाला, की हो, असेल. तसं तो म्हणाला ना, तेव्हाच मला कळलं की त्याचा विश्वास नाही. घर बंद करून परक्यांच्या वेळेला जेवायला बसायचं, हे मी जिवंतपणी करणार नाही. निदान अजून तरी नाही.

तुला म्हणून सांगते, कर्टिसला कळवू नकोस. हल्ली मला सतत थंडी वाजते. घरातही दोन स्वेटर. अंघोळीला बसते तर पाणीसुद्धा गरम वाटत नाही. आईचंही शेवटी असंच झालं होतं, आठवतं? वय हाडात शिरलं की पाणी गरम असून उपयोग नाही. तक्रार नाही, नुसतं सांगितलं.

मुलींना तव्यावरची बटाट्याची लेफ्सं फार आवडली. धाकटीनं सहा खाल्ली आणि कोचावर झोपली.

लोभ ठेवतेस तसाच ठेव.

तुझी ताई,
आर्डिस


फार्गो
२८ नोव्हेंबर

ती. स्व. मार्लिसमावशीस सा. न. वि. वि.

फार दिवसांनी लिहितोय, माफ कर. आईला मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस.

थँक्सगिव्हिंगला आम्ही घरी गेलो होतो. मावशी, कपाटातली भांडी खरकटी आहेत. काट्यांना अंडं, ताटांना चरबी. आई त्यात वाढते आणि तिला दिसत नाही. विचारलं तर मशीनला दोष देते. नाचता येईना अंगण वाकडं, असं वाटायला लागतं. मी मशीन स्वतः तपासलं. पाणी भरतं, फिरतं, सोडतं. मशीनमध्ये काही नाही. घरात ती दोन स्वेटर घालून बसते. बाबांनंतर ती खचली आहे, पण विचारलं तर म्हणते सगळं ठीक आहे. आमच्याकडे सगळं नेहमी ठीकच असतं.

समोरच्या ओपलँडकाकू तुला आठवतात का? गेल्या हिवाळ्यात जिन्याखाली पडल्या. पोस्टमननं पत्रं साचलेली पाहिली तेव्हा कळलं. मी त्यांच्या अंत्यविधीला शवपेटी खांद्यावर घेतली होती. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावतो. आई जिन्याखाली आहे असंच चित्र डोळ्यांपुढे येतं.

फार्गोची जागा चांगली आहे. ती माझं ऐकणार नाही, तुझं कदाचित ऐकेल. तिला समजावशील का? नाताळपर्यंत त्यांना उत्तर हवंय.

डेनिस आणि मुलींचा नमस्कार. तुझी माया आमच्यावर आहे तशीच राहो.

तुझा,
कर्टिस


मेसा
२ डिसेंबर

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईला थंडी वाजायची, कारण ती चिमणीसारखं खायची. तू टर्कीचा पाय एकटी संपवतेस. तुझ्या हाडात वय शिरायला आधी रांग लावावी लागेल.

माझ्या डोक्यात भलतंच आलंय. तुला अंघोळीचं पाणी गरम लागत नाही आणि मशीनमध्ये पावडर विरघळत नाही. ताई, ही दोन दुखणी आहेत की एकच? ड्वेन म्हणतो, आपल्याकडची ही मशीनं गरम नळाचंच पाणी घेतात, स्वतः फार तापवत नाहीत. पाणी कोमट आलं की चरबी सुटत नाही आणि पावडर गोळा होऊन बसते. गार पाण्यात तुपाचं भांडं घासून बघ, समजेल.

तेव्हा असं कर. कॅरॅमल करायचं तुझं ते थर्मामीटर काढ. स्वयंपाकघरातला गरम नळ सोड, पाणी येईल तेवढं गरम येऊ दे, मग ग्लास भरून त्यात थर्मामीटर बुडव. एकशेवीस फॅरनहाइटच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर मशीन निर्दोष आणि तूही. मग कोणाला तरी बोलावून तळघरातला पाण्याचा हीटर दाखव. बोलावून, कळलं? जिना उतरू नकोस. हे कर्टिस सांगतो म्हणून नाही, मी सांगते म्हणून.

फार्गोबद्दल मी काही बोलत नाही. तुझं घर, तुझं डोकं. मला एवढंच माहीत आहे की तुझं डोकं १९५२ साली मी तुझा स्कर्ट न विचारता घातला होता ते अजून विसरलेलं नाही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मार्लिस


नॉर्डाल
८ डिसेंबर

चि. सौ. मार्लिस हिस अ. उ. आ.

तुझं बरोबर निघालं. थर्मामीटरचा पारा शंभराच्याही खालीच अडून बसला. पाच मिनिटं नळ सोडून ठेवला तरी तेच.

कोणाला बोलावलं नाही. कोणाला बोलवायचं आणि काय सांगायचं? दोन्ही हातांनी कठडा धरून उतरले, बसत बसत. खाली सगळं जसंच्या तसं, हार्लनची अवजारं भिंतीवर. हीटरपाशी गेले, चष्मा लावला. नॉब पार शेवटच्या टोकाला फिरवलेला होता, सगळ्यात कमीवर. तो आपोआप फिरत नाही. मी हात लावून पाहिला, चांगला घट्ट आहे.

मी तो पूर्वीच्या खुणेवर आणला. वर आले. दुपारी पाणी असं तापलं की हात ठेववेना. मशीन लावलं. ताटं लख्ख निघाली, मार्लिस. ग्लासवर बोट फिरवलं तर करकर आवाज. मी एक ग्लास उजेडात धरला, त्यातून बागेतलं कुंपण दिसलं, आणि मी तो तसाच खाली ठेवला.

कारण या घरात माझ्याशिवाय कोणी नाही. नॉब मीच फिरवला असणार. कधी, कशासाठी, काही म्हणता काही आठवत नाही. स्कर्ट आठवतो, पण ते म्हाताऱ्यांना आठवतंच, जुनं आठवतं आणि कालचं जातं, आईचंही तसंच होतं. खाली जायचं नाही असं ठरलेलं असताना मी खाली गेले, नॉब फिरवला, वर आले आणि विसरले. मग महिनाभर मशीनला शिव्या दिल्या. डेनिसला मनात काय काय बोलले ते तुला लिहितही नाही. कर्टिसचं खरं होतं.

संध्याकाळी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, नॉबचंही. आणि सांगितलं, की मी येते, मार्चमधली खोली घे. पलीकडून मला काही ऐकू आलं नाही, पण मी सांगायचं ते सांगून टाकलं. त्याला वाईट वाटलं असावं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू सांगितलंस ते अगदी बरोबर होतं. आईचे निळे कप तुला हवेत का ते कळव, आता स्वच्छ आहेत.

माया कमी करू नकोस. मी विसरले तर तू आठवण ठेव.

तुझी,
ताई


मेसा
१३ डिसेंबर

चि. कर्टिस यास अ. आ.

सरळ मुद्द्यावर येते. तुझी आई लिहिते, की हीटरचा नॉब तिनंच फिरवला आणि ती विसरली. तिची भांडी ऑक्टोबरच्या मध्यापासून बिघडली. ऑक्टोबरात तू तिथे होतास, आणि तळघरात तू होतास, कपड्यांचं मशीन तूच वर आणलंस. नॉब तू फिरवलास का? हो किंवा नाही, एवढंच लिही. हवापाण्याचं नको.

तुझी,
मार्लिसमावशी


फार्गो
१६ डिसेंबर

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

हो.

दवाखान्यात मिळालेल्या एका पत्रकात लिहिलं होतं, की वयस्कर माणसांची कातडी पातळ होते, नळाच्या पाण्यानं भाजतं, हीटर थोडा कमी करावा. मी थोडा करायला गेलो आणि मग वाटलं, पूर्णच केलेला बरा. आईला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? तू आता स्वतःची अंघोळ नीट करू शकशील याची मला खात्री नाही, असं? आधीच दांडा बसवला तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं होतं की मला नववीत गेल्यासारखं वाटलं. मशीन आपलं पाणी आपणच तापवतं अशी माझी समजूत होती. भांड्यांचा आणि हीटरचा संबंध मला शप्पथ लक्षात आला नाही.

पण पुढचं तू विचारलं नाहीस तेही सांगतो. आईचा फोन आला. ती नॉबबद्दल बोलली आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, की खोली घे, मी येते. मावशी, दोन महिने मी या एका वाक्याची वाट पाहत होतो. भांडण नाही, रडारड नाही, ती आपण होऊन येते म्हणाली. मी खोटं बोललो नाही. मी गप्प राहिलो. फोन ठेवल्यावर वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, मार्च झाल्यावर सांगू. जिन्याखाली पडण्यापेक्षा थोडं चुकीचं समजून सुरक्षित राहिलेली बरी, असं स्वतःला रोज समजावतोय. डेनिसला सांगितलेलं नाही.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे.

तुझा,
कर्टिस


मेसा
२० डिसेंबर

चि. कर्टिस यास आ.

नाही, तुला माहीत नाही.

काल तुझ्या आईचं पत्र आलं. गाडीच्या किल्ल्या तिनं शेजारच्यांकडे देऊन टाकल्या. चर्चच्या मंडळातून नाव काढून घेतलं. रविवारी प्रार्थना चालू असताना उठून घरी आली, शेगडी बंद आहे की नाही ते बघायला. बंद होती. परत चर्चला गेली आणि पुन्हा आली. या वर्षी कॅरॅमल केलं नाही, कारण उकळता पाक आणि आपण एका खोलीत असू नये असं तिचं म्हणणं. नॉब तू फिरवलास तो दोन बोटांनी परत फिरवता येतो. हे कसं फिरवणार आहेस?

तू भित्रा आहेस असं मी म्हणत नाही. ओपलँडबाईंचं मलाही कळलं होतं, तुझ्या जागी मीही घाबरले असते. आणि तोंड मिटून बसायचं आपल्या घराण्याचं वळण तुला आम्हीच लावलं, त्यातही माझा वाटा आहेच. पण सगळ्यांनी आयुष्यभर गप्प राहून सभ्यपणा केला, आता एकदा कोणीतरी असभ्य व्हायला हवं. तू हो. नाताळच्या आत आईला स्वतःच्या हातानं लिही. फोन नको, तिला ऐकू येणार नाही आणि तू पुन्हा गप्प बसशील. तू लिहिलं नाहीस तर मी विमानात बसेन.

मी तुझ्यावर माया करते. आज ती लिहिताना पेन जड जातंय एवढंच.

मार्लिसमावशी


फार्गो
२२ डिसेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

हीटरचा नॉब तू फिरवला नाहीस. मी फिरवला, ऑक्टोबरात, तुला भाजू नये म्हणून. तुला सांगितलं नाही. तू काहीही विसरलेली नाहीस. भांडी माझ्यामुळे खराब निघत होती आणि थंडीही तुला माझ्यामुळेच वाजत होती.

तू फोन केलास तेव्हा मला हे माहीत होतं. तू यायला तयार झालीस म्हणून मी गप्प बसलो. ते तुझ्या कानांमुळे नव्हतं, मी खरोखरच काही बोललो नाही.

खोलीसाठी होकार कळवलाय, पण तो मागे घेता येतो. मला तुझी भीती वाटते, म्हणजे तुझ्याबद्दल वाटते. कसं लिहावं ते कळत नाही. डेनिसला आज सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये.

रागाव, पण आशीर्वाद बंद करू नकोस.

तुझा,
कर्टिस


नॉर्डाल
२७ डिसेंबर

चि. कर्टिस यास अ. उ. आ.

पत्र नाताळच्या आदल्या दिवशी मिळालं. दोनदा वाचलं आणि चर्चला गेले. परतल्यावर पुन्हा वाचलं. मधे एकदाही शेगडी बघायला आले नाही.

खोलीचं मी रद्द केलं. तिथल्या मुलीशी फोनवर बोलायला फिलिसला घेऊन बसले, ती माझे कान झाली. मुलगी गोड होती. मी सांगितलं, की सध्या मी आहे तिथेच आहे. किल्ल्या शेजारून परत आणल्या. शेजाऱ्यांना कारणही सांगितलं, पूर्ण, तुझ्या नावानिशी. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. मला नाही झालं.

हीटरचं मला काही वाटत नाही. तुझ्या बापानंही कधी कोणाला विचारून काही फिरवलं नव्हतं. तुझी भीतीही खरी आहे. जिन्यावरून मी पडू शकते, परवा बर्फात पडतच होते. त्याबद्दल काय करायचं ते समोर बसून ठरवू. रोज सकाळी मी दिवा लावून शेजाऱ्यांना खूण करावी असं माझ्या डोक्यात आहे, तुझ्या डोक्यात दुसरं असेल तर तेही ऐकेन. आणि एक दिवस तुझ्या त्या जागी यावंच लागलं, तर येईन. पण ज्या दिवशी मी खरंच विसरेन त्या दिवशी मला तोंडावर सांगायचं. मला वाईट वाटेल म्हणून थांबायचं नाही.

डेनिसला म्हणावं, नवऱ्याशी बोल. अबोला आपल्या घरात पुष्कळ आहे, आणखी आणायला नको. आणि ताटं तिनं पुन्हा धुतली ते बरोबरच होतं, ती खरकटीच होती.

मी आता काही मनात ठेवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते. त्या संध्याकाळी तू फोनवर काहीच बोलेनास, तेव्हा मला वाटलं तुला रडू आलंय. आई विसरायला लागली म्हणून पोरगा रडतोय, असं वाटलं. म्हणून मीच तुझी समजूत घालत बसले. रडू नको म्हटलं, मला काही त्रास होत नाहीये म्हटलं. कर्टिस, मला फार त्रास होत होता.

कळावे. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आई